आखातात कामाला जाताय? मराठवाड्यातल्या घरांसाठी पायरी पायरीनं वाट

मागच्या उन्हाळ्यात आमच्या गल्लीतला एक पोरगा मोबाईल घेऊन माझ्याकडं आला. "दादा, दुबईचा व्हिसा आला. बघा की." आयटीआय झालेला वायरमन, वय २३. एजंटाला एक लाख चाळीस हजार देऊन झाले होते. साठ हजार आईची पोत गहाण टाकून आणि ऐंशी हजार सावकाराकडून, महिना शेकडा पाच रुपयांनी. मी स्क्रीन मोठी करून वरपासून खालपर्यंत वाचलं. कंपनीचं नाव नाही, हुद्दा नाही. वर 'व्हिजिट' लिहिलेलं आणि मुदत ६० दिवस. "हा फिरायला जायचा व्हिसा आहे," मी म्हणालो. तो म्हणाला, "एजंट म्हणला, तिथं गेल्यावर बदलून देतेत."

मी स्वतः सौदीत दम्मामला सात वर्षं इलेक्ट्रिशियन म्हणून काढली. जाताना हातातल्या कागदावर १,५०० रियाल आणि जेवण होतं. तिथं पोचल्यावर अरबीत टाईप केलेला दुसरा कागद समोर आला: ११०० रियाल, जेवण स्वतःचं. मला तो वाचता आला नाही, पण आकडा दिसला. तरी सही केली. कारण गावाकडं नव्वद हजारांचं कर्ज होतं आणि खिशात परतीच्या तिकिटाचे पैसे नव्हते.

आपल्याकडं उचल म्हणजे काय ते कुणाला समजावून सांगावं लागत नाही. बीड-परभणीकडची जोडी दसरा-दिवाळीला कोयता घेऊन कारखान्यावर निघते, तेव्हा मुकादमाची उचल अंगावर असते आणि ती फिटेपर्यंत तोंड उघडायची सोय नसते. परदेशाचा एजंट उलट आपल्याकडूनच पैसे घेतो, पण ते पैसे कर्जाचे असले की बांधले जातो आपणच. पासपोर्ट काढून घेणं, पगार थकवणं, करार बदलणं हे सगळं ज्याच्या डोक्यावर कर्ज आहे त्याच्यावर चालतं. म्हणून या लेखातली निम्म्याहून जास्त कामं गाव सोडायच्या आधीची आहेत.

पायरी १: एका कागदावर हिशोब

पासपोर्टच्या आधी हे करा. समजा १,२०० रियाल पगार सांगितलाय. रियाल २३ रुपये धरला तर २७,६०० होतात. जेवण कंपनीचं नसेल तर महिन्याला ३०० रियाल तरी जातात, मोबाईल-साबण-किरकोळ ५०. उरले ८५० रियाल, म्हणजे साडेएकोणीस हजार. ऐंशी हजारांवर शेकडा पाचनं व्याजच ४,००० जातं, मुद्दल तसंच उभं. म्हणजे हातात साडेपंधरा हजार. पहिला पगार बहुतेक वेळा दीड-दोन महिन्यांनी हातात येतो, तोपर्यंत व्याज चढत असतं. आता हाच आकडा वाळूज किंवा शेंद्र्याच्या एमआयडीसीत मिळणाऱ्या पगाराशेजारी लिहा. काही जणांना यातूनच समजतं की जाण्यात अर्थ नाही. काहींना समजतं की आहे. दोन्ही चालतं, पण हिशोब कागदावर पाहिजे.

आणि सावकाराचं. विनापरवाना सावकारी हा महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, २०१४ खाली गुन्हा आहे. तालुक्याच्या सहायक निबंधकाकडं, सहकार खात्यात, तक्रार करता येते. जमीन लिहून घेतली असेल तर तर नक्कीच करा.

पायरी २: पासपोर्ट, आणि त्यावरची तीन अक्षरं

अर्ज स्वतः ऑनलाइन भरा. साध्या ३६ पानी पासपोर्टची फी १,५०० रुपये आहे. आपल्या भागात पोस्टातल्या पासपोर्ट केंद्रांमुळं आता मुंबईला खेटे घालावे लागत नाहीत. नाव, जन्मतारीख आधार आणि टीसीशी जुळली पाहिजे. टीसीवर 'शेख' आणि आधारवर 'शेक' असं असेल तर आधी ते दुरुस्त करा, नंतर फार जड जातं.

दहावी पास नसलात तर पासपोर्टवर साधारणपणे ईसीआर येतं. म्हणजे ठराविक १८ देशांत कामाला जायला सरकारची आधी परवानगी लागते. त्यात आखातातले सगळे सहा देश आहेत: सौदी, अमिराती, कतार, कुवेत, ओमान, बहरीन. शिवाय इराक, जॉर्डन, मलेशिया, थायलंड वगैरे. लोकांना ईसीआर म्हणजे कमीपणा वाटतो आणि एजंट त्याचा फायदा घेतो: "ईसीआर आहे ना, मग व्हिजिटवर काढू, सेटिंग आहे आपली." अहो, ती परवानगी म्हणजे अडवणूक नाही. तुमच्या कराराची सरकारदरबारी नोंद राहते आणि विमा मिळतो तो त्याच वाटेनं. दहावी पास असाल, पासपोर्टला ईसीआर नसेल, तरी याच देशांत जाताना ई-मायग्रेट या सरकारी संकेतस्थळावर आपखुशीनं नोंदणी करता येते. ती करा. पाच मिनिटांचं काम आहे.

पायरी ३: एजंट तपासणं

इथं घाई करू नका. १९८३ च्या उत्प्रवासन कायद्याप्रमाणं परदेशी कामासाठी माणसं भरायची तर परराष्ट्र मंत्रालयाकडची नोंदणी लागते. नोंदणी असलेल्या प्रत्येक एजन्सीला आरसी नंबर असतो आणि तो ऑफिसात, जाहिरातीत दिसलाच पाहिजे. सरकारी संकेतस्थळ ई-मायग्रेट. पत्त्याचा शेवट जीओव्ही डॉट इन असाच हवा, कारण त्यासारख्या दिसणाऱ्या खोट्या साईट्सही आहेत. तिथं एजन्सीचं नाव टाकलं की नोंदणी चालू आहे, संपलीय, की थांबवलीय ते दिसतं.

पण आपल्याकडची अडचण वेगळी आहे. नोंदणी असलेल्या बहुतेक एजन्सी मुंबईत. आपल्याला भेटतो तो मधला माणूस: बसस्टँडसमोर झेरॉक्सवाला, उमरा-हज ट्रॅव्हल्सचा पोऱ्या, नात्यातला कुणी, नाहीतर नुसता व्हॉट्सॲप नंबर. कायद्याला हा सब-एजंट मान्यच नाही. तो म्हणतो, "मुंबईचं मोठं ऑफिस आहे, मी फक्त माणसं देतो." मग त्याला एवढंच म्हणा: "ऑफिसचं नाव आणि आरसी नंबर लिहून दे, पैसे मी ऑफिसच्या बँक खात्यातच भरतो." खरा असेल तर देईल. माझ्या अनुभवात दहातले सात तिथंच पांगतात.

पैशाची हद्द पाठ करा. नोंदणीकृत एजन्सी कामगाराकडून सेवा शुल्क म्हणून जास्तीत जास्त ३०,००० रुपये आणि त्यावर १८ टक्के जीएसटी घेऊ शकते. एकूण ३५,४०० रुपये. पावती द्यावीच लागते. ऐंशी हजार, सव्वा लाख, दीड लाख हे आकडे ऐकायची आपल्याला इतकी सवय झालीय की ३५,४०० म्हटलं की लोक हसतात. हसू द्या. रोख देऊ नका. बँकेतून, नाव बघून, आणि पावती आल्यावर तिचा फोटो बायकोच्या मोबाईलवर. पासपोर्ट एजंटाकडं ठेवायची वेळ आलीच तर 'मिळाला' म्हणून तारखेसह लिहून घ्या.

गल्लीतल्या त्या पोराचं सांगतो. आम्ही दोघं पोलीस ठाण्यात गेलो. आधी "तुमचा आपसातला व्यवहार आहे" म्हणाले. मग मी अर्जात दोन ओळी लिहिल्या: नोंदणी नसताना परदेशी नोकरीसाठी पैसे घेतले, म्हणून उत्प्रवासन कायदा, खोटं सांगून पैसे घेतले, म्हणून भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८. सोबत फोन-पेचे स्क्रीनशॉट आणि व्हॉट्सॲपवरचे आवाजाचे मेसेज. अर्जाची पोच घेतली. बाराव्या दिवशी एजंटानं नव्वद हजार परत केले. उरलेले अजून आले नाहीत. पोत सुटली, ती आधी सोडवली.

पायरी ४: व्हिसा वाचा

कामाच्या व्हिसावर मालकाचं किंवा कंपनीचं नाव आणि कामाचा हुद्दा असतो. व्हिजिट किंवा टुरिस्ट व्हिसावर काम करणं तिथं बेकायदा आहे. पकडलं गेलं तर दंड आणि हद्दपारी तुमच्या वाट्याला येते.

'आझाद व्हिसा' असं काही कायद्यात नाही. एखाद्या कफिलाच्या, म्हणजे तिथल्या व्हिसा देणाऱ्या मालकाच्या, नावावर व्हिसा काढायचा आणि काम बाहेर कुठंही करायचं, त्याला लोक आझाद म्हणतात. कफिलाला दरवर्षी पैसे द्यायचे, आणि त्याच्या मनात आलं तर तो तुम्ही पळालात म्हणून कळवतो. सौदीत त्याला हुरूब म्हणतात. हुरूब लागला की माणूस बेकायदा ठरू शकतो.

हुद्दाही बघा. वायरमनला 'हाऊस ड्रायव्हर'चा व्हिसा देऊन "तिथं काम तुमचंच मिळतं" म्हणतात. घरकाम आणि घरच्या ड्रायव्हरला बहुतेक आखाती देशांत सर्वसाधारण कामगार कायदा लागू होत नाही, त्यांचे नियम वेगळे आणि पातळ. कुवेतमध्ये तर जाणते लोक थेट नंबरच विचारतात: १८ नंबर म्हणजे खासगी कंपनीतला, २० नंबर म्हणजे घरचा. कंपनीत काम म्हणून सांगितलं आणि हातात २० नंबर आला, तर तिथंच थांबा.

आणखी एक नवं जाळं. थायलंडमध्ये 'डेटा एंट्री', 'डिजिटल मार्केटिंग', पगार ऐंशी हजार, इंग्रजी जेमतेम चालेल. बँकॉकला उतरवून सीमेपलीकडं म्यानमारमधल्या म्यावाडीकडं, नाहीतर लाओस-कंबोडियात नेतात आणि कोंडून ऑनलाइन फसवणुकीचं काम करून घेतात. २०२२ पासून परराष्ट्र मंत्रालय यावर सतत इशारे देतंय. यात शिकलेली पोरं अडकतात, बीसीए-बीकॉम झालेली. मजुरांपेक्षा त्यांना सांगायची गरज जास्त आहे.

पायरी ५: करार

सही करायच्या आधी करार घरी आणा आणि एक रात्र ठेवा. इंग्रजी येत नसेल तर गावातल्या शिक्षकाकडं जा. बघायच्या गोष्टी: मूळ पगार किती, जेवण-राहणं कुणाचं, रोजचे तास, ओव्हरटाईमचा दर, सुट्टी, दोन वर्षांनी तिकीट कुणाचं, आजारपणाचा खर्च.

यात सगळ्यात जास्त फसगत होते ती मूळ पगारात. समजा एकूण १,५०० दिरहम म्हणाले. करारात बेसिक ८०० आणि भत्ते ७०० लिहिले. महिन्याच्या महिन्याला फरक जाणवत नाही. पण अमिरातीत वर्ष पूर्ण झाल्यावर सेवा संपताना जी ग्रॅच्युइटी मिळते, ती पहिली पाच वर्षं दरवर्षी २१ दिवसांच्या बेसिकवर मोजतात. ओव्हरटाईमही बेसिकवरच, त्यात २५ टक्के जादा आणि रात्रीच्या तासांना ५० टक्के. ८०० वर मोजलं आणि १,२०० वर मोजलं यातला पाच वर्षांचा फरक काढून बघा, एक गाय येते. सौदीत पहिली पाच वर्षं दरवर्षी अर्ध्या महिन्याचा पगार असा हिशोब आहे, पण दोन वर्षांच्या आत स्वतः राजीनामा दिला तर हाती काही लागत नाही. कतारमध्ये मार्च २०२१ पासून किमान मूळ वेतन १,००० रियाल आहे, जेवण-राहण्याची सोय मालकानं केली नाही तर ३०० आणि ५०० वेगळे. सौदी-अमिरातीत आपल्यासारख्यांना असं सरसकट किमान वेतन नाही, म्हणून कागदावरचा आकडाच धरून बसायचा.

अमिरातीत ऑफर लेटर अरबी-इंग्रजीबरोबर कामगाराला समजणाऱ्या भाषेत मागता येतं. त्यात हिंदी आणि उर्दू आहे. मराठवाड्याच्या माणसाला त्यातली एक तरी वाचता येतेच. मागून घ्या.

पायरी ६: मेडिकल, पीओई, विमा

मेडिकलला लोक अजून गामका म्हणतात, आता त्याचं नाव वाफिद आहे. ऑनलाइन नंबर लावायचा. मुंबई आणि हैदराबाद दोन्हीकडं केंद्रं आहेत, नांदेडकरांना हैदराबाद बरं पडतं. एजंटाला पैसे द्यायच्या आधी गावाकडच्या लॅबमध्ये छातीचा एक्स-रे आणि काविळीच्या बी आणि सी ची तपासणी करून घ्या. जुन्या टीबीचा डाग असला तरी अनफिट करतात. अनफिट झाल्यावर एजंट पैसे परत देत नाही, आणि हे भांडण मी कुणी जिंकलेलं पाहिलं नाही.

ईसीआरवाल्यांना पीओईची, म्हणजे उत्प्रवासी संरक्षक या सरकारी अधिकाऱ्याची, मंजुरी लागते. मुंबईला त्यांचं कार्यालय आहे, काम ई-मायग्रेटवरून होतं. याच वेळी प्रवासी भारतीय विमा योजना निघते. दोन वर्षांसाठी हप्ता २७५ रुपये, तीन वर्षांसाठी ३७५, वर कर. अपघाती मृत्यू किंवा कायमचं अपंगत्व आलं तर १० लाख. ही पॉलिसी छापून घरी ठेवा. तिचा नंबर माहीत नसल्यानं विधवा बाई वर्ष-वर्ष फिरत राहते, हे मी आमच्या तालुक्यातच पाहिलंय. एक दिवसाचं प्रस्थानपूर्व प्रशिक्षण असतं, मोफत. झोप आली तरी बसा.

पायरी ७: घरची फाइल

एक साधी प्लास्टिकची फाइल. तीत पासपोर्टच्या पहिल्या-शेवटच्या पानाची झेरॉक्स, व्हिसा, करार, विमा, एजंटाच्या पावत्या, कंपनीचं नाव-पत्ता-फोन, आणि तुमच्यासोबत जाणाऱ्या दुसऱ्या माणसाच्या घरचा नंबर. फाइल कपाटात नको, घरातल्या वाचता येणाऱ्या माणसाच्या हाती द्या आणि प्रत्येक कागद काय आहे ते त्याला एकदा बोलून दाखवा. पैसे पाठवायला जाण्याआधीच बँकेत एनआरई खात्याची, म्हणजे परदेशातली कमाई ठेवायच्या खात्याची, चौकशी करा. बायकोचं वेगळं खातं असू द्या. तुमच्या खात्याला वारस लावलाय का ते तपासा.

पायरी ८: बॅग

मी निघालो तेव्हा माय दोन डबे घेऊन उभी होती. एकात शेंगदाण्याची चटणी, दुसऱ्यात अनारसे. दिवाळी नुकतीच झालेली. अनारशांवर खसखस होती. सोबतच्या एका जाणत्यानं मुंबईच्या विमानतळावर डबा उघडायला लावला आणि बघून हात जोडले, "भाऊ, हे इथंच खाऊन टाक." सौदी, अमिराती अशा देशांत खसखस ही अफूच्या झाडाची म्हणून अमली पदार्थांत मोडते. थोडी असली तरी तुरुंग. अनारसे, करंजीचं सारण, काही तयार गरम मसाले, सगळ्यांत ती असते. आम्ही चौघांनी प्लास्टिकच्या खुर्च्यांवर बसून ते अनारसे संपवले. मला अजून ती चव आठवते.

ट्रामाडॉलसारख्या वेदनेच्या गोळ्या, कोडीन असलेलं खोकल्याचं औषध नेऊ नका. रोजची गोळी असेल तर डॉक्टरांची चिठ्ठी इंग्रजीत, शिक्क्यासह. आणि कुणी कितीही जवळचा असो, "तिथल्या माझ्या भावाला एवढं पाकीट दे" म्हणाला तर नाही म्हणा. उघडून बघितलं तरी नाही.

पायरी ९: पहिला आठवडा

पोचल्यावर कंपनीचा मंदूब, म्हणजे सरकारी कागदपत्रं करणारा माणूस, पासपोर्ट मागतो, इकामा किंवा बताका, म्हणजे तिथं राहायचं ओळखपत्र, करायला. तेवढ्यापुरता द्या. काम झालं की परत मागा, व्हॉट्सॲपवर लिहून मागा, म्हणजे तारखेचा पुरावा राहतो. पासपोर्ट मालकानं अडकवून ठेवणं सौदीत, अमिरातीत, कतारमध्ये कायद्याविरुद्ध आहे. इकाम्याचा, वर्क परमिटचा आणि नूतनीकरणाचा खर्च सौदीच्या कामगार कायद्याच्या कलम ४० प्रमाणं मालकाचा. पगारातून कापला तर ती कापणीच बेकायदा.

दुसरा करार समोर आला तर? मी केली ती चूक करू नका. आधी फोटो काढा. सौदीत करार आता किवा या सरकारी ॲपवर नोंदतात, तुमच्या मोबाईलवर तो दिसतो आणि मान्य-अमान्य तुम्ही करता. पोरं ओटीपी मंदूबला सांगून मोकळी होतात. ओटीपी म्हणजे तुमची सही आहे. कोणालाही देऊ नका.

खोलीत गेल्यावर पलंग निवडायच्या आधी जिना शोधा. १२ जून २०२४ ला कुवेतच्या मंगाफ भागात कामगारांच्या इमारतीला पहाटे आग लागली, त्यात चाळीसहून जास्त भारतीय गेले. तिथल्या अग्निशमन दलाच्या चौकशीत सुरुवात तळमजल्यावरच्या शॉर्ट सर्किटपासून निघाली. मी इलेक्ट्रिशियन, म्हणून माझी नजर आधी बोर्डाकडं जाते: एकाच एक्स्टेन्शनवर किटली, हॉटप्लेट, चार चार्जर, वायर गादीखालून गेलेली. प्लगला हात लावून बघा, गरम लागला तर त्यावरची एक गोष्ट काढा. गच्चीचं दार कुलूपबंद असेल तर सगळ्यांनी मिळून कॅम्प बॉसला सांगा आणि त्याचाही फोटो ठेवा.

उन्हाबद्दल आपली पोरं बेफिकीर असतात. परभणीचा मे काढलाय, म्हणतात. पण आपलं ऊन कोरडं, घाम येतो आणि वाळतो. दम्माम-दुबईच्या किनाऱ्यावर जुलै-ऑगस्टमध्ये हवा ओली असते, घाम वाळत नाही, अंग आतून तापतं. चक्कर, बडबडणं, घाम एकदम बंद होणं ही लक्षणं दिसली की त्या माणसाला सावलीत नेऊन पाणी ओता आणि अँब्युलन्स बोलवा, मुकादमाची वाट बघू नका. दुपारचं उघड्यावरचं काम कायद्यानं बंद असतं: सौदीत १५ जून ते १५ सप्टेंबर १२ ते ३, अमिरातीत त्याच काळात १२.३० ते ३, कतारमध्ये १ जून ते १५ सप्टेंबर १० ते ३.३०. या वेळात चढायला लावलं तर तक्रार करता येते.

पगार थकला, मारहाण झाली, अडकवून ठेवलं तर

पहिला थकलेला महिना हीच तक्रारीची वेळ. लोक चार-सहा महिने थांबतात, मग कंपनी बुडालेली असते. पगार बँकेतूनच मागा. अमिरातीत २००९ पासून पगार सरकारच्या वेतन संरक्षण पद्धतीतून द्यावा लागतो, त्यामुळं न दिलेला पगार नोंदीत दिसतो. रोजचे तास एका वहीत लिहा: तारीख, साईट, किती ते किती. माझ्या वहीमुळं आम्हा अकरा जणांना चार महिन्यांचा ओव्हरटाईम मिळाला, तिथल्या लेबर कोर्टात. ती निळ्या पुठ्ठ्याची शंभर पानी वही होती, परभणीहून नेलेली.

काम सोडून पळू नका, पळालात की हुरूब लागतो आणि हक्काची बाजू उलटते. संप, दगडफेक अजिबात नको. आधी त्या देशाच्या कामगार कार्यालयात, सौदीत त्याला मकतब अमल म्हणतात, तिथं किंवा त्यांच्या ॲपवर तक्रार. त्याच वेळी भारतीय दूतावासात. रियाध, जेद्दा, अबू धाबी, दुबई, दोहा, कुवेत, मनामा, मस्कत, सगळीकडं दूतावास किंवा वाणिज्य दूतावास आहे. दुबईत प्रवासी भारतीय सहायता केंद्राचा मोफत नंबर ८००-४६३४२. मारहाण असेल तर आधी पोलीस आणि दवाखान्याचा कागद.

घरच्यांनी काय करायचं? भारतातून २४ तास चालणारा नंबर १८००-११-३०९०. परराष्ट्र मंत्रालयाच्या मदद पोर्टलवर बायको, भाऊ, आई कुणीही तक्रार टाकू शकतं, नंबर मिळतो, पुढं काय झालं ते दिसतं. इथं फाइल कामाला येते. "माझा मुलगा सौदीत आहे, फोन लागत नाही" एवढ्यावर दूतावास शोधणार कुठं? पासपोर्ट नंबर, कंपनीचं नाव, शेवटचं ठिकाण, किती महिने थकले, असं लिहा. हैदराबादला क्षेत्रीय प्रवासी सहायता केंद्र आहे, नांदेड-लातूरकडच्यांना तिथं समक्ष जाऊन बसता येतं. तिकिटाला पैसे नाहीत, राहायला जागा नाही, वकील पाहिजे, मृतदेह आणायचाय, अशा वेळी दूतावासांकडं भारतीय समुदाय कल्याण निधी असतो. तो मागायला लाजू नका, तो याचसाठी २००९ पासून ठेवलाय.

बायाबापड्यांबद्दल वेगळं सांगतो. ईसीआर पासपोर्टवर या देशांत घरकामाला जायचं तर बाईचं वय किमान ३० पाहिजे आणि भरती सरकारी एजन्सीमार्फतच होते. कुणी "ताई, वय वाढवून घेऊ" किंवा "व्हिजिटवर जा" म्हणालं तर तो तुम्हाला विकायला निघालाय असंच समजा. अशा घरात गेलेल्या बाईला सुट्टी नसते, शेजार नसतो, फोनही काढून घेतलेला असतो. जायच्या आधी घरच्यांशी एक खुणेचा शब्द ठरवा. "आंब्याला मोहोर आला का?" असं विचारलं की घरच्यांनी समजायचं, मोकळं बोलता येत नाही, तक्रार टाका.

परत येताना

खुरूज, म्हणजे फायनल एक्झिट, लागायच्या आधी हिशोबाचा कागद समोर येतो: "माझं सगळं मिळालं." पैसे खात्यात जमा झाल्याचा मेसेज येईपर्यंत त्यावर सही करू नका. शिल्लक पगार, न घेतलेल्या सुट्ट्यांचे पैसे, ग्रॅच्युइटी, तिकीट, ही चार नावं वेगवेगळी मागा. अनुभवाचं पत्र घ्या, पुढच्या वेळी एजंटाशिवाय थेट कंपनीत अर्ज करायला ते लागतं. तिथल्या बँकेचं खातं, क्रेडिट कार्ड बंद करून त्याचा कागद घ्या. तुमच्या नावावरची सिमकार्डं बंद करा, मित्राला देऊ नका. ते सिम उद्या कुणी वापरलं तर पोलिसांच्या नोंदीत नाव तुमचंच निघतं, आणि पुढच्या खेपेला विमानतळावरूनच परत फिरवतात.